बँकॉकहून रोपं आणू का? कोकणातल्या परसातली परदेशी फळझाडं

तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कुडाळजवळ घरामागे बारा गुंठे जागा आहे, अर्ध्यात माड-पोफळी, उरलेला भाग उघडा आणि खाली जांभा दगड. विहिरीचं पाणी मे अखेरपर्यंत पुरतं. बँकॉकला नोकरीला असलेला चुलतभाऊ गणपतीला येताना ड्युरियन (उग्र वासाचं काटेरी फळ), मॅंगोस्टीन (आपल्या कोकमाचं भावंड) आणि लॉंगनची रोपं, शिवाय थोड्या बिया बॅगेतून आणतो म्हणतोय. आणू द्यावं का? नर्सरीतून घेतलेलं मॅंगोस्टीनचं रोप दोन वर्षांनीही वीतभरच का आहे? आणि पुण्यात बहिणीच्या गच्चीवर यातलं काय होईल?

भावाला आजच फोन करून नको म्हणून सांगा. रोप, कलमकाडी, पेरायची बी, काहीच नको. यात कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी तो व्यवहार तोट्याचा आहे.

आपल्याकडे १९१४चा विनाशकारी कीटक व पीडक कायदा आहे आणि त्याखाली २००३चा वनस्पती संगरोध आदेश. लागवडीसाठी काहीही बाहेरून आणायचं तर ते निघण्याआधी इथला आयात परवाना हातात हवा. माल निघतो त्या देशाच्या सरकारी खात्याचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र हवं, धंद्यातली माणसं त्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतात. मुळांना माती नको. लागवडीचा माल कुठल्याही विमानतळावर उतरवून चालत नाही, त्यासाठी मुंबई, चेन्नई, कोलकाता, दिल्ली अशी ठरावीक केंद्रं आहेत. आदेशाच्या परिशिष्टांत नसलेली वनस्पती असेल तर आधी तिच्या कीड-रोगांच्या धोक्याचा अभ्यास होतो, मग परवान्याचं बघतात. आणि खरी अडचण इथून पुढे सुरू होते. अनेक फळझाडांची रोपं आल्यावर ठरावीक काळ वेगळ्या, तपासून मान्य केलेल्या बंदिस्त जागेत वाढवावी लागतात, तिथे निरीक्षण होतं, रोग दिसला तर नष्ट करतात. अशी जागा मोठ्या नर्सरीकडे किंवा संस्थेकडे असते, तुमच्या-माझ्या मांगराला ती मान्यता मिळायची नाही. संशोधनासाठीच्या आयातीचं काम दिल्लीचं राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरो बघतं, तोही रस्ता संस्थांसाठीच आहे. थोडक्यात, दोन-चार रोपांसाठी कायदेशीर आयात कागदावर शक्य आहे, परसातल्या माणसाला परवडणारी नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘पोर्तुगिजांनी काजू, अननस आणलेच ना?’ आणले. त्यांच्यासोबत काय काय आलं ते तपासायला तेव्हा कोणी नव्हतं एवढंच. सध्याचं उदाहरण बघायला लांब जायला नको. तुमच्याच माडाची एखादी खालची झावळी उलटी करून बघा. पांढरे, मेणचट, गोल गोल फिरवून काढल्यासारखे ठिपके दिसतील आणि त्याखालच्या पोफळीच्या किंवा केळीच्या पानावर काजळी धरलेली असेल. ही चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेची. भारतात ती २०१६मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीकडे माडांवर पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता कोकणापर्यंत आली. त्याआधी २००८मध्ये कोइमतूरला दिसलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण दोनेक वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईवर पोचला. तो आटोक्यात आणायला २०१०मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटक रीतसर आयात करावे लागले. म्हणजे कीड फुकट आली आणि तिचा उतारा मात्र परवाना काढून आणावा लागला. बॅगेतल्या रोपाच्या पानामागे काय चिकटलंय ते तुमच्या भावाला दिसणार नाही, मलाही दिसणार नाही.

आता तोट्याचा व्यवहार का म्हणालो ते. मॅंगोस्टीनचं सोटमूळ लांब, ठिसूळ, त्याला बारीक तंतुमुळं फार कमी. माती धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून आणलेलं असं रोप आठ-पंधरा दिवस हिरवं दिसतं आणि मग बसतं. बियांचंही तसंच. मॅंगोस्टीन, रंबुतान (केसाळ सालीचं, लिचीसारखं फळ), ड्युरियन, लॉंगन, जाबुटिकाबा या सगळ्यांच्या बिया ओलसर जातीच्या, आपल्या फणसाच्या आठळीसारख्या. वाळल्या की मेल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या तरी मेल्या. गर धुऊन लगेच पेरायच्या असतात. पाकिटात बंद करून ‘वर्षभर उगवणक्षमता’ असं छापून कोणी या बिया विकत असेल तर तो माती विकतोय असं समजा.

आणि मुळात बँकॉकची गरजच काय? केरळात त्रिशूर जिल्ह्यात चालकुडीजवळच्या परियारमला मॅंगोस्टीनच्या जुन्या बागा आहेत. निलगिरीच्या पायथ्याकडे बर्लियार आणि कल्लार इथल्या सरकारी बागांत ब्रिटिशकाळापासून मॅंगोस्टीन आणि ड्युरियन आहे. कोडगूत चेट्टळ्ळीच्या केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने रंबुतानच्या आणि अ‍ॅव्होकॅडोच्या जाती निवडून दिल्या आहेत. त्रिशूरजवळ मन्नुत्ती म्हणजे नर्सऱ्यांचं गावच आहे. तिथून आणलेलं कलम निदान भारतातल्या दोन-चार पावसाळ्यांतून तरून निघालेल्या मातृवृक्षाचं असतं. ते जास्त मोलाचं.

आता झाड निवडायचं कसं, याकडे येतो. लोक पाऊस बघून निवडतात. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस, मलेशियातही साधारण तेवढाच, मग तिकडचं सगळं इकडे होणार, असा हिशोब. तिकडे तो पाऊस बाराही महिन्यांत वाटून पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. म्हणजे या झाडांची परीक्षा जुलैत नाही, फाल्गुनात आणि वैशाखात आहे. फेब्रुवारी-मार्चला पूर्वेकडून कोरडं वारं सुटतं, हवेतली ओल एकदम उतरते, आणि सदाहरित जंगलातलं झाड पानांच्या कडांपासून करपायला लागतं. मुळाशी पाणी असूनही करपतं, कारण मूळ ओढेल त्याहून जास्त पाणी पान सोडत असतं.

म्हणून मी साधी कसोटी लावतो. तुमच्या गावात जायफळ कुठे चांगलं आहे ते शोधा. जायफळ मोलुक्का बेटांचं, म्हणजे याच मंडळींच्या शेजारचं. जिथे ते एप्रिलमध्येही गर्द हिरवं राहतं, तिथे मॅंगोस्टीन आणि रंबुतान जगेल. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने माडांखाली जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची जी ‘लाखी बाग’ मांडली, ती खरं तर या झाडांसाठी आयती जागा आहे. वर माडाची विरळ सावली, बाजूला पोफळी वारा अडवते, खाली ओल टिकते. गोव्यातलं कुळागर म्हणजे तेच. तेव्हा तुमचा माड-पोफळीचा अर्धा भाग या नाजूक मंडळींना द्या. उघड्या जांभ्यावर जिथे चिकू आणि रामफळ तग धरतात, तिथे त्यांचेच परदेशी भाऊबंद लावा. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

आता तुमचं वीतभर मॅंगोस्टीन. त्याला काही झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. बियांपासूनचं मॅंगोस्टीन दोन वर्षांत फूटभर झालं तरी चांगलं म्हणायचं. फळ यायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. बघायचं ते उंचीकडे नाही, शेंड्याकडे. शेवटच्या दोन समोरासमोरच्या पानांचे देठ जिथे जुळतात, त्या बेचक्यात कोंब दडलेला असतो, बाहेरून दिसत नाही. कोकमाचाही असाच असतो. नखाने उकरून बघायचा मोह आवरा. वर्षातून दोन वेळा त्या बेचक्यातून तांबूस, मऊ पानांची जोडी बाहेर येत असेल तर झाड आपल्या चालीने चाललंय. बेचकं काळं पडून वाळलं असेल तर मात्र ते उन्हाने किंवा अळीने गेलं. मग बाजूने फूट येईपर्यंत थांबायचं, सावली वाढवायची आणि खतं ओतायची नाहीत.

दुसरी गोष्ट, पिशवी तपासा. हे रोप सहा इंची पिशवीत विकलं जातं आणि सोटमूळ तळाशी जाऊन गुंडाळतं. तुम्ही जमिनीत लावताना पिशवी फाडून तसंच ठेवलं असेल तर मूळ अजून त्याच वेटोळ्यात असेल. अजून पिशवीतच असेल तर उंच, अरुंद पिशवीत हलवा. मातीचा गोळा फोडायचा नाही, जुनी पिशवी ब्लेडने उभी चिरून गोळा तसाच उतरवायचा. पहिली तीन-चार वर्षं निम्मी सावली हवीच. शेडनेट नसेल तर चार खुंटांवर झावळ्या टाकल्या तरी चालतं, वर्षानुवर्षं आपल्या आज्या पोफळीची रोपं तशीच वाढवत आल्या.

‘मग कलमच का घेऊ नये?’ असं वाटेल. मॅंगोस्टीनच्या बाबतीत गंमत अशी की बी परागीकरणाशिवाय तयार होते, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. लागवडीतली झाडं सगळी मादीच, नराची गरज नाही, एकच झाड लावलं तरी फळतं. म्हणजे कलमाचा जो मुख्य फायदा, जातीची खात्री, तो इथे लागतच नाही. कलम लवकर फळतं हे खरं, पण काडी आडव्या फांदीची घेतली असेल तर झाड कधीच सरळ वर जात नाही, जमिनीसरपट एका अंगाला पसरत राहतं. कोकमाचं कलम बांधणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं, म्हणून तो काडी वर जाणाऱ्या शेंड्याचीच घेतो. नर्सरीत कलम विकत घेताना त्याच्याकडे बाजूने बघा: दोन-तीन पेरं झाल्यावरही शेंडा आडवाच असेल तर सोडून द्या. आणि मॅंगोस्टीन कोकमाच्या खुंटावर बांधायचा मोह इथल्या प्रत्येकाला होतो, दोन्ही गार्सिनिया या एकाच वंशातले. मी त्यावर भिस्त ठेवत नाही. सबुरी असेल तर केरळच्या ताज्या फळांतली मोठी, टपोरी बी पेरा. लहान बियांची रोपं जन्मभर रडतात.

रंबुतानचं बरोबर उलटं. तिथे बियांचं रोप मुळीच घेऊ नका. निम्म्याच्या आसपास झाडं नर निघू शकतात आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही, म्हणजे पाच-सहा वर्षं सावली आणि पाणी घालून शेवटी जळण. डोळा भरलेलं कलमच घ्या. केरळात एन-१८ नावाची जात सगळीकडे मिळते, चेट्टळ्ळीची ‘अर्का कूर्ग अरुण’ही आहे. चांगल्या जागी तीन-चार वर्षांत फळ धरतं. फेब्रुवारीत पानांची टोकं तपकिरी होतील, थोडी होतातच. निम्मं पान जळत असेल तर जागा चुकली.

ड्युरियन लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैत मुळाशी पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाची मूळकूज, एप्रिलमध्ये कोरड, आणि या दोन्हींतून वाचलं तर वीस मीटर वाढणारं झाड बारा गुंठ्यांत. फुलं रात्री उमलतात, परागीकरण वटवाघळं करतात, आणि बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, म्हणजे दोन झाडं हवीत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ज्यांना त्या वासाचं खरंच वेड आहे त्यांनी बर्लियारला हंगामात जाऊन खावं.

लॉंगन तुमच्याकडे वाढेल झकास, फुलेल याची हमी नाही. लिचीचा भाऊ तो, फुलोऱ्याआधी त्याला थंड, कोरडी विश्रांती लागते आणि कुडाळचा जानेवारी तेवढा थंड नसतो. थायलंडात मुळाशी पोटॅशियम क्लोरेट देऊन लॉंगनला हवं तेव्हा फुलवतात. फटाक्यांच्या दारूत वापरतात तेच रसायन, घरात ठेवायची वस्तू नव्हे. भाऊ तेही आणतो म्हणाला तर त्याला दुसऱ्यांदा फोन करा.

उघड्या जांभ्याच्या भागासाठी माझी पहिली पसंती चिकूच्या कुळातली झाडं. अबियू आणि एगफ्रूट. अबियू बियांपासूनही तीन-चार वर्षांत फळतं, गर पांढरा, रसाळ, आणि फळ पूर्ण पिवळं झाल्याशिवाय तोंड लावू नका, चिकाने ओठ चिकटतात. एगफ्रूट म्हणजे उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा कोरडा, गोड गर. नुसतं खायला सगळ्यांना आवडत नाही, दुधात घुसळलं तर भांडं पुसून खातात. याच कुळातलं मामे सपोटे मी मुद्दाम सुचवत नाही, फळ झाडावर पिकायलाच वर्षाच्या वर लागतं. रामफळ होत असेल तर सीताफळाच्या संकरातली अटेमोया लावा, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का सहन’ त्यातलीच. सीताफळाचीच बहीण चेरिमोया मात्र थंड डोंगरातली, ती कोकणात नको.

अ‍ॅव्होकॅडो विचारलं नाहीत तरी लिहितो, कारण हल्ली दर दुसरा माणूस हास जातीचं कलम घेऊन येतो. हासला थंडावा हवा. खालच्या उष्ण पट्ट्यात वेस्ट इंडियन प्रकारची झाडं बरी. शिवाय फुलांचे दोन गट असतात: ‘अ’ गटाचं फूल सकाळी मादी म्हणून उघडतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून, ‘ब’चं दुपारी मादी आणि दुसऱ्या सकाळी नर. दोन्ही गटांची एकेक कलमं असली तर फळधारणा चांगली होते. पण कोकणात अ‍ॅव्होकॅडो मरतो तो गट चुकल्यामुळे नाही, खड्ड्यामुळे मरतो.

जांभ्यात मीटरभर खड्डा मारला, शेणखत-मातीने भरला, झाड लावलं, की आपण प्रत्यक्षात एक हौद बांधलेला असतो. जुलैत आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. लावण्याआधी खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच उभं असेल तर उताराच्या बाजूने चर फोडून वाट काढा. आणि लावणी खड्ड्यात नाही, खड्ड्यावर करा. भरलेली माती जमिनीच्या वर फूटभर उंचवट्यासारखी घ्या, कारण शेणखत कुजलं की ती दबते आणि खोडाचा बुंधा खाली जातो. बुंध्याला माती लागली की कूज सुरू. पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी भांड्यात कालवू नका. लावणीची वेळ मी पुस्तकाच्या उलट सांगतो: जूनऐवजी ऑगस्ट अखेर किंवा सप्टेंबर. पावसाचा मार ओसरलेला असतो आणि थंडीपर्यंत मूळ धरतं. केरळहून आलेलं रोप त्याआधी दोन-तीन आठवडे झाडाखाली तसंच राहू द्या. मग जानेवारीपासून आळ्यात सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणं दाट पसरा, बुंध्यापासून वीतभर सोडून.

आता पुण्याची गच्ची. तिथे मॅंगोस्टीन-रंबुतान विसरा. जाबुटिकाबा छान होईल, कुंडीत राहतो, खोडालाच काळी फळं लगडतात. ‘रेड हायब्रीड’ नावाचा प्रकार घ्या, तो तीन-चार वर्षांत फळतो. ‘साबारा’ जात चवीला वर, पण दहा वर्षं थांबायची तयारी हवी. मिरॅकल फ्रूटही कुंडीत होतं. खाल्लं की पाऊण-एक तास लिंबू गोड लागतं, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. दोघांचाही वैरी एकच, बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. यांना आम्लधर्मी माती लागते, मिरॅकल फ्रूटला तर साधारण साडेचार ते पावणेसहा सामूची (पीएच). बोअरच्या पाण्याने कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी होते, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, मग कडा करपतात. लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी तेच पाणी घालतात. बहिणीला पुण्याची काळी माती वापरू देऊ नका. तुमच्याकडची लाल माती पोतंभर न्या, त्यात धुतलेला कोकोपीट आणि पानांचं खत मिसळा, आणि पावसाचं पाणी पिंपात साठवायला सांगा.

शेवटी, तुम्ही ज्या ‘मियाझाकी’ आंब्याच्या कलमाची जाहिरात पाठवलीत त्याबद्दल. मियाझाकी हा जपानमधला प्रांत. तिथे तो महागडा आंबा म्हणजे आयर्विन, मूळची फ्लोरिडातली जात. ती तिथे हरितगृहात वाढवतात, प्रत्येक फळाला जाळी बांधून ते आपोआप गळेपर्यंत वाट बघतात आणि वजन, रंग, गोडी तपासून वरच्या दर्जालाच तो भाव मिळतो. कलम लावून तुमच्याकडे आयर्विन येईल, भाव येणार नाही. आणि हापूसच्या गावात रंगावर भाळून आयर्विन लावायचा तर त्या कलमाला साध्या आंब्याच्या कलमापेक्षा एक रुपयाही जास्त मोजू नका.